वरचं वाढतं, खालचं उतरतं: साठीनंतरचं बीपी समजून घेताना आणि सांभाळताना

माझ्या आईची बीपीची वही अजून माझ्याकडे आहे. शंभर पानी, निळ्या रेघांची. १६८/७८, १७२/७६, १७४/७४. पानामागून पान असंच. प्रत्येक वेळी घरात कुणीतरी म्हणायचं, "खालचं छान आहे की!" वरच्या आकड्यासाठी आमच्याकडे एक ठरलेलं गणित होतं: वय अधिक शंभर. आई चौऱ्याहत्तरची, म्हणजे एकशे चौऱ्याहत्तर चालायचंच. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते आणि तरीही हे गणित मान डोलावून ऐकत होते. एका सकाळी ओट्यापाशी तिच्या हातातून उलथनं पडलं, तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली. पुढची चार वर्षं ती सदाशिव पेठेतल्या घरात खिडकीशी बसून होती.

साठीला आल्यावर माझ्या स्वतःच्या वहीत १५८/७६ दिसलं, तेव्हा मी वाचायला बसले. जे कळलं आणि गेली काही वर्षं जे करते आहे, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोळी कोणती, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्यासमोर बसताना आपल्याला काय माहीत असावं आणि घरी काय करता येतं, हे मला आईच्या वेळी कुणी सांगायला हवं होतं.

आधी नळ समजून घेऊ

पुणेकरांना कात्रजच्या नळाची गोष्ट ठाऊक असते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शहरात, शनिवारवाड्यापर्यंत आणलं. त्या नळावर मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा सोडणारे मनोरे, उभे केले होते. आत कोंडलेल्या हवेचा आणि पाण्याचा जोर तिथे मोकळा व्हायचा आणि नळावरचा ताण कमी व्हायचा.

आपल्या शरीरातही जोर जिरवणारी अशी जागा आहे. हृदयातून निघणारी मुख्य धमनी, महाधमनी. हृदय दर ठोक्याला साधारण सत्तर मिलिलिटर रक्त बाहेर ढकलतं. तरुण माणसाची महाधमनी त्या क्षणी फुगते आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास रक्त स्वतःत साठवून घेते. हृदय पुढच्या ठोक्यासाठी सैल पडतं, तेव्हा ही धमनी पुन्हा आकसते आणि साठवलेलं रक्त पुढे सारते. म्हणून हृदय धक्क्याधक्क्याने काम करत असलं, तरी मेंदूला आणि मूत्रपिंडांना रक्त बऱ्यापैकी संथ, अखंड धारेने मिळतं. उच्छ्वासात जोर मोकळ्या हवेत निघून जायचा; महाधमनी तो धरून ठेवते आणि परत देते. कात्रजचा नळ ज्या शतकात झाला, त्याच शतकात, १७३३ साली, इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या पाद्र्याने हे ओळखलं होतं. घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडून रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो यानेच. त्याने धमन्यांना आगीच्या बंबातल्या हवेच्या डब्याची उपमा दिली, कारण तो डबाही पंपाचे झटके पचवून पाण्याची सलग धार देतो.

आता वयाकडे येऊ. धमनीच्या भिंतीत दोन प्रकारचे तंतू महत्त्वाचे. इलॅस्टिन ताणलं जातं आणि परत येतं. कोलॅजन चिवट असतं, सहसा ताणलं जात नाही. इलॅस्टिनची बहुतेक सगळी बांधणी गर्भात आणि लहानपणी होऊन जाते. मोठेपणी ते जवळजवळ नव्याने तयार होत नाही. हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं, म्हणजे साठाव्या वर्षापर्यंत दोनशे कोटींहून जास्त. तितक्या वेळा ताणलं गेलेलं परकराचं इलॅस्टिक डोळ्यांसमोर आणा. तंतू झिजतात, तुटतात आणि सगळा ताण कोलॅजनवर येतो. त्यात कॅल्शियम साचतं. रक्तातली साखर कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत जखडून टाकते, त्यामुळे मधुमेह असेल तर हे सगळं लवकर घडतं. मूत्रपिंडाचा आजार, तंबाखू आणि स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतरचा काळ, यांनीही वेग वाढतो.

भिंत कडक झाली की दोन्ही आकडे बदलतात, पण उलट दिशांना. हृदयाने ढकललेल्या रक्ताला फुगून जागा देणारं कुणी नसतं, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि मधल्या क्षणी परत द्यायला साठाच नसतो, म्हणून खालचा उतरतो. आईच्या वहीत तेच दिसत होतं. तिचा खालचा आकडा 'छान' होता, कारण तिची महाधमनी थकली होती.

आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक ठोक्याबरोबर धमन्यांच्या भिंतीतून दाबाची एक लाट धावते. बोटांना नाडी लागते ती हीच. तरुणपणी महाधमनीत ती सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने जाते. कडक धमनीत दहा मीटर किंवा त्याहून जास्त. लाट पुढे जाऊन धमन्यांच्या फाट्यांवर आपटून थोडी परत फिरते. लवचीक धमन्यांत ती सावकाश परत येते, तोवर हृदय सैल पडलेलं असतं. कडक धमन्यांत मात्र ती इतकी लवकर येते की हृदय अजून रक्त ढकलतच असतं, आणि त्या दाबावर आणखी दाब चढतो.

याची किंमत तिघांना मोजावी लागते. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून त्याची भिंत जाड होते. शिवाय त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या भरतात त्या मुख्यतः मधल्या विश्रांतीत, आणि नेमका तेव्हाचाच दाब कमी झालेला असतो. मेंदू आणि मूत्रपिंडं यांना सतत भरपूर रक्त लागतं, त्यामुळे त्यांच्या वाटेवर अडसर कमी. पूर्वी महाधमनीत जिरून जाणारे धक्के आता तिथल्या बारीक वाहिन्यांवर थेट आदळतात.

"पण माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, अँजिओग्राफी स्वच्छ आहे," असं मला कितीतरी जणी सांगतात. ती वेगळी गोष्ट. चरबीचे थर धमनीच्या आतल्या अस्तरात ठिकठिकाणी बसतात आणि वाट अरुंद करतात. मी सांगते आहे तो कडकपणा मधल्या थरात, धमनीच्या बऱ्याच लांबीवर येतो, आणि वाट अरुंद नसतानाही येऊ शकतो. पुष्कळदा दोन्ही सोबत असतात, पण एक नाही म्हणून दुसरं नाही असं होत नाही.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. तिथल्या नोंदींत हे स्पष्ट दिसलं: वरचं बीपी वयाबरोबर वाढतच जातं; खालचं पन्नाशी-पंचावन्नपर्यंत वाढतं आणि मग उतरायला लागतं. त्याच अभ्यासातून २०१२ साली असंही पुढे आलं की बऱ्याच लोकांत कडकपणा आधी येतो आणि बीपी मागून वाढतं. वाढलेलं बीपी मग तंतूंना आणखी झिजवतं. या चक्रात शिरायची एक जागा आपल्या हातात आहे: दाब कमी ठेवणं.

"वयोमानाप्रमाणे होणारच" हे अर्धंच खरं आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतले ५२ गट होते. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक होते. ते जवळजवळ मीठ खातच नाहीत, आणि त्यांचं बीपी वयाबरोबर वाढत नाही. त्यांचं जगणं इतर बाबतींतही आपल्यापेक्षा वेगळं आहे, हे खरंच. तरी वय अधिक शंभर हा निसर्गनियम नाही, एवढं नक्की.

पहिली पायरी: मोजायचं कसं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घरोघरी चूक इथेच होते. चुकीच्या आकड्यावर गोळी वाढते, किंवा हवी असलेली गोळी राहून जाते.

यंत्र दंडाला पट्टा बांधायचं घ्या. मनगटाचं किंवा बोटाचं नको. पट्ट्याचं माप फार महत्त्वाचं. घरूनच टेपने दंडाचा घेर मोजून निघा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतो का बघा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. नवं यंत्र आणल्यावर, आणि मग वर्षातून एकदा, ते डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या यंत्राशी ताडून बघा.

मोजण्याआधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, जिना, भांडण, सगळं वर्ज्य. लघवी करून या. भरल्या मूत्राशयाने बीपी चढतं. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसा. पलंगाच्या कडेवर नको, जमिनीवर मांडी घालून नको. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. हात मांडीवर लोंबता ठेवला तर आकडा वाढतो. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाउजची बाही घट्ट वर सारली तर तीच दुसरा पट्टा होऊन बसते, म्हणून मोजायच्या वेळी सैल बाहीचा गाऊन किंवा कुडता बरा.

मग पाच मिनिटं शांत बसायचं. हे खरंच घड्याळ लावून करा. टीव्ही बंद, फोन दूर. मोजताना बोलायचं नाही, कुणी "किती आलं?" विचारलं तरी नाही. बोलण्याने वरचा आकडा सहज दहा अंकांनी चढू शकतो.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतं, तोच पुढे कायम वापरा. दोन हातांत पंधराहून जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एका बाजूची धमनी अरुंद झाल्याची ती खूण असू शकते.

आता सात दिवसांचा नेम. सकाळी उठून, लघवी करून, गोळी आणि नाश्ता घेण्याआधी दोन वेळा, मध्ये एक मिनिट सोडून. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच दोन वेळा. चारही आकडे जसेच्या तसे लिहायचे. नको असलेला गाळायचा नाही आणि आवडता ठेवायचा नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, कारण नवखेपणाने ते जास्त येतात. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. ते तुमचं बीपी. एखाद्या संध्याकाळी घाबरून दहा वेळा मोजलेलं, ते नव्हे.

नाडी अनियमित असेल, ठोका मध्येच चुकत असेल, तर घरच्या यंत्राचे आकडे कमी भरवशाचे असतात. यंत्र तशी खूण वारंवार दाखवत असेल, तर डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या.

दुसरी पायरी: वजाबाकी करा

वहीत मी तीन रकाने आखले आहेत: वरचं, खालचं आणि फरक. हा तिसरा रकाना आईच्या वहीत नव्हता.

वरच्यातून खालचं वजा केलं की जो आकडा येतो, तो साधारण चाळीसच्या आसपास असावा. उतारवयात तो कायम साठच्या वर राहत असेल, तर धमन्या कडक झाल्याचा तो घरबसल्या मिळणारा संकेत आहे. आईचा फरक शंभर होता. फरक वाढण्यामागे हृदयाच्या झडपेतून रक्त मागे गळणं, रक्तक्षय किंवा थायरॉइड वाढणं अशी इतर कारणंही असतात. तेव्हा फरक मोठा दिसला की एवढी तपासणी करून घ्यावी.

सरासरीचं असं. घरी मोजलेलं १३५/८५ किंवा त्याहून जास्त म्हणजे उच्च रक्तदाब. दवाखान्यात मोजतात तिथे ही रेघ १४०/९० ला आहे. दोन्हींपैकी एकच आकडा रेघेपलीकडे गेला तरी तो उच्च रक्तदाबच. फक्त वरचं वाढलेलं आणि खालचं नव्वदच्या आत, हा साठीनंतर सर्वांत जास्त दिसणारा प्रकार. त्याला सौम्य समजायची चूक आम्ही केली.

एक मोजमाप सहसा कुणी करत नाही. बसून मोजल्यावर उभं राहा आणि एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. सोबत कुणीतरी असू द्या. वरचं वीसने किंवा खालचं दहाने उतरत असेल, तर ते लिहून ठेवा. कडक धमन्यांच्या माणसात हे बरंच दिसतं. रात्री बाथरूमला उठताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं यामागे पुष्कळदा हेच असतं. डॉक्टरांना हे कळलं तर ते गोळी हळूहळू वाढवतात.

तिसरी पायरी: मिठाची पिशवी

जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात सगळं आलं. आपण किती खातो हे विचारलं तर प्रत्येक घर सांगतं, "आमच्याकडे मीठ कमीच असतं." म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. मिठाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख लिहायची. एक किलोची पिशवी चार माणसांत एका महिन्यात संपली, तर माणशी दिवसाला आठ ग्रॅमहून जास्त झालं. पाच ग्रॅमच्या हिशेबाने चौघांना महिन्याला सहाशे ग्रॅम पुरायला हवं. आमच्याकडे पहिली पिशवी सव्वीस दिवसांत संपली होती. आम्ही तिघंच. आणि बाहेरून येणारं मीठ यात धरलेलंच नव्हतं.

बाहेरून येणाऱ्या मिठाची यादी पुण्यात लांब आहे: फरसाण, शेव, बाकरवडी, खारे शेंगदाणे, मिसळीचा रस्सा, बेकरीचा पाव, खारी. घरातलं लोणचं, पापड, सांडगी मिरची. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि ढोकळ्यात सोडा. सोडियम त्यांच्यातही आहे. उपवासाचं शेंदेलोण चालतं असा समज फार पक्का आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. बीपीला त्याचं वेगळेपण कळत नाही.

हे एकदम तोडू नका. आम्ही आधी ताटातलं वाढीव मीठ बंद केलं. मग कणकेतलं आणि भातातलं. मग आमटीत दर आठवड्याला थोडं थोडं कमी, आणि आमसूल, लिंबू, जिरेपूड, कढीपत्ता वाढवला. तीन-चार आठवडे जेवण अळणी लागलं, नंतर जीभ सरावली. आता बाहेरचं खारट लागतं. वय वाढलं की मिठाचा परिणाम बीपीवर जास्त होतो, म्हणून आपल्या वयात या पायरीचं फळही जास्त मिळतं.

चीनमधल्या सहाशे गावांत जवळजवळ एकवीस हजार लोकांवर एक प्रयोग झाला. २०२१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ, निम्म्यांत एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ. दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. असं कमी सोडियमचं मीठ आपल्याकडेही मिळतं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. पोटॅशियम साचून हृदयाच्या ठोक्यात बिघाड होऊ शकतो. मूत्रपिंडं ठीक असतील तर केळी, पालेभाज्या, डाळी, शहाळं यांतून मिळणारं पोटॅशियम फायद्याचंच आहे.

चौथी पायरी: चालणं

तुटलेलं इलॅस्टिन चालण्याने जोडलं जात नाही. पण धमनीचा कडकपणा फक्त तंतूंचा नसतो. भिंतीत स्नायू असतात, आतलं अस्तर असतं, आणि वाहतं रक्त अस्तरावरून जोरात घासलं की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने स्नायू सैल पडतात. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी बसून राहणाऱ्या मध्यमवयीन आणि वयस्कर पुरुषांनी तीन महिने नियमित, मुख्यतः चालण्याचा, व्यायाम केला आणि त्यांच्या मानेतल्या धमनीचा लवचीकपणा वाढलेला दिसला. तीन महिने म्हणजे गणपतीपासून दिवाळीनंतरपर्यंत. तेवढा धीर धरा.

आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस तीस मिनिटं. वेग असा की सोबतिणीशी बोलता येईल, पण अभंग म्हणता येणार नाही. मी तळजाईवर जाते, कारण ते घराजवळ आहे आणि सकाळी झाडांत गारवा असतो. गुडघे कुरकुरत असतील तर सारसबाग किंवा संभाजी बाग, सपाट जमीन. पर्वती चढायची हौस असेल तर ती दोन-तीन महिने सपाटीवर चालल्यानंतर. चढताना छातीत दाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसरा एक व्यायाम पावसाळ्यात फार उपयोगी पडतो: भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीत बसल्यासारखं गुडघे थोडे वाकवून स्थिर राहायचं. अशा स्थिर व्यायामांनी बीपी उतरतं असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत दिसलं आहे. मी तीस सेकंदांपासून सुरुवात केली. श्वास मात्र रोखायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की त्या क्षणी बीपी उसळतं. बीपी खूप चढलेलं असताना हा व्यायाम नको.

मिश्री आणि तंबाखूबद्दल एवढंच: निकोटिनने धमन्या त्याच घटकेला आखडतात. घरातली आजी "दातांसाठी लावते" म्हणत असेल, तरी ते निकोटिनच आहे.

पाचवी पायरी: घरातला औषधांचा डबा तपासा

बीपी उतरत नाही म्हणून गोळी वाढवण्याआधी इतर गोळ्या बघा. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेलं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा तसलं औषध बीपी वाढवतं, शिवाय बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतं. सर्दीच्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्याही तशाच. पाण्यात फसफसणाऱ्या पित्ताच्या पुड्यांत आणि गोळ्यांत सोडियम असतं. आणि ज्येष्ठमध. घशासाठी रोज चघळायची सवय बऱ्याच गाणाऱ्यांना आणि शिक्षकांना असते, मलाही होती. ते शरीरात सोडियम धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं. डॉक्टरांकडे जाताना काढे, चूर्णं यांच्यासकट सगळा डबाच पिशवीत घालून न्या.

घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर तेही सांगा. झोपेतल्या श्वासाच्या त्रासाने बीपी हट्टी होतं.

सहावी पायरी: गोळी

माझ्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, "धमन्या कडक झाल्याच आहेत, मग आता गोळीने काय होणार?" त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "काकू, धमनी पुन्हा पंचविशीची होणार नाही. पण तिच्यावर आदळणारा जोर आपण आज कमी करू शकतो. पक्षाघात त्या जोराने होतो."

याला पुरावा भक्कम आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत ४,७३६ लोकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांचं फक्त वरचं बीपी वाढलेलं. म्हणजे माझ्या आईसारखेच. क्लोरथॅलिडोन या जुन्या, स्वस्त गोळीपासून सुरू केलेल्या उपचाराने पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. हे वाचलं तेव्हा मला साल बघून रडू आलं. आईच्या आजारपणाच्या कितीतरी आधी हे माहीत झालेलं होतं. २००८ मध्ये ऐंशीच्या पुढच्या लोकांवरचा अभ्यास आला. तिथेही उपचार घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी होते. "आता या वयात कशाला गोळी" याला माझ्याकडे हे उत्तर आहे.

वयस्कर माणसांत डॉक्टर सहसा यांतल्या गोळ्या देतात: अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारखी गोळी, किंवा क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड. अॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात. ती सूज मूत्रपिंडाची नसते, पण डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतः बंद करू नका. शेवटच्या दोन गोळ्या लघवीवाटे मीठ-पाणी काढतात. त्यांनी रक्तातलं सोडियम किंवा पोटॅशियम उतरू शकतं. गळून गेल्यासारखं वाटलं, बोलण्यात गोंधळ झाला, तर तपासणी लगेच करायची. गोळी सुरू करताना आणि बदलल्यावर काही आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), सोडियम, पोटॅशियम बघतात. साखर, लघवीतलं प्रथिन आणि ईसीजी सुरुवातीला एकदा होतंच. लाटेचा वेग मोजणारी कडकपणाची खास तपासणीही असते, पण तिच्यावाचून काही अडत नाही. वजाबाकी पुरते.

खालचा आकडा आधीच कमी असेल तर वरचं उतरवताना तो आणखी खाली जातो, ही खरी अडचण आहे. म्हणून या वयात गोळी थोडीपासून सुरू करून सावकाश वाढवतात. खालचं साठच्या खाली जाऊ लागलं, चक्कर आली, छातीत दुखलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे. किती उतरवायचं हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. तो डॉक्टरांना विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

खर्चाचं म्हणाल, तर यातल्या बहुतेक गोळ्या जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त मिळतात. चिठ्ठीवरचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवून घ्या. बीपी महापालिकेच्या दवाखान्यातही मोजून मिळतं.

ऋतूचंही बघावं लागतं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि आकडे चढतात; एप्रिल-मेमध्ये घाम जाऊन उतरतात. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना उन्हाळ्यात जुलाब किंवा उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वहीत तारखेशेजारी मी "फार ऊन", "थंडी", "पाहुणे", "झोप नाही" असं लिहिते. त्याने आकड्याचा अर्थ लागतो.

वाट बघायची नाही, अशा वेळा

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा न समजणं, एकाएकी दिसेनासं होणं. यापैकी एकही दिसलं तर बीपी मोजत बसू नका. घड्याळात बघून वेळ लिहा, १०८ ला फोन करा, आणि पक्षाघाताचे उपचार व सीटी स्कॅन चोवीस तास असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर तितकं बरं. ते कोणतं रुग्णालय, हे आजच चौकशी करून फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा. आईच्या वेळी आम्ही आधी ओळखीच्या दवाखान्याचं दार उघडायची वाट बघितली, मग रिक्षा शोधली.

काहीही त्रास नसताना यंत्रावर १८०/११० सारखा आकडा दिसला, तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली गोळी ठेवून घरच्या घरी झटकन उतरवायला जाऊ नका. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूला रक्त कमी पडतं. छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा डोकं फुटेल असं दुखत असेल, तर लगेच रुग्णालय.

गेल्या आठवड्याची माझी सरासरी १३२/७०, फरक ६२. उभं राहिल्यावर सहाने उतरतं. मिठाची पिशवी आता सव्वा दोन महिने जाते. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली आहे आणि दिवाळीनंतर क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करून यायला सांगितलं आहे.